सत्तावीस कॅन पेट्रोल

टायगर रणगाड्याच्या टाक्यांत मिळून सुमारे ५४० लिटर पेट्रोल मावायचं. जर्मन सैन्याचा इंधनाचा कॅन वीस लिटरचा. म्हणजे रिकामी गाडी भरायची तर सत्तावीस कॅन. ते ट्रकवरून उतरवायचे, हातोहाती गाडीपर्यंत आणायचे, इंजिनाच्या डेकवर चढवायचे, ओतायचे. विमानांच्या भीतीने हे काम पुष्कळदा रात्री, दिवा न लावता. एवढं केल्यावर ५७ टनांचं ते धूड बऱ्या रस्त्यावर शंभरेक किलोमीटर जाणार, कागदावर थोडं जास्त, आणि रशियाच्या चिखलात त्याहून कितीतरी कमी. मग पुन्हा सत्तावीस कॅन.

दुसऱ्या महायुद्धातल्या या रणगाड्यावर जे काही लिहिलं-दाखवलं जातं त्यात ८८ मिलिमीटरची तोफ असते, समोरचं १०० मिलिमीटर जाडीचं चिलखत असतं, कोणी किती शत्रूचे रणगाडे फोडले त्याचा धावफलक असतो. कॅन उचलणारे कुठे दिसत नाहीत. खरं तर ते कोणी वेगळे नव्हतेच. तोफ डागणारे आणि कॅन उचलणारे तेच पाच जण. टायगरच्या माणसांच्या आयुष्यातले फार थोडे तास लढाईत गेले. बाकीचे गाडी चालती ठेवण्यात. आता या रणगाड्याबद्दल वाचताना माझं लक्ष तोफेपेक्षा तिकडेच जास्त जातं.

याला कारण थोडं गमतीशीर आहे. मला स्केल मॉडेलं जोडायचा नाद आहे आणि टायगरचं मॉडेल हातात घेतलं की पहिल्या संध्याकाळी तोफ वगैरे काही नसतं, फक्त चाकं. एका बाजूला आठ आस, प्रत्येक आसावर तीन चाकं, म्हणजे दोन्ही बाजू मिळून अठ्ठेचाळीस, आणि तीही एकमेकांच्या मधे घुसवलेली, पत्त्यांची गड्डी पिसताना पत्ते एकमेकांत शिरतात तशी. कल्पना हुशारीची होती. वजन जास्त चाकांवर वाटलं जातं, जमिनीवरचा दाब कमी होतो, गाडी डोलत नाही. पण आतल्या बाजूच्या एखाद्या चाकाचं रबर फाटलं तर? प्लॅस्टिकची आतली चाकं रंगवायची राहिली तर चिमट्याने बाहेरची पाच-सहा काढावी लागतात तेव्हाच चिडचिड होते. खऱ्या गाडीत एक चाक बदलण्यासाठी नऊ-नऊ चाकं आधी उतरवायला लागायची. हिवाळ्यात चाकांच्या फटींत चिखल आणि बर्फ भरायचं, रात्री गोठायचं, आणि सकाळी गाडी जागची हलायची नाही. शेवटी १९४४ मध्ये पोलादी रिमची चाकं आणून त्यांची संख्या घटवावी लागली.

रेल्वेचं प्रकरण याहून वरचढ. टायगर लढाईच्या पट्ट्यांवर (चाकांभोवती फिरणारे पोलादी पट्टे ते हे) इतका रुंद होता की मालगाडीवर चढवला तर बाजूच्या गाडीला लागेल. म्हणून त्याला पट्ट्यांचे दोन जोड: लढाईसाठी ७२५ मिलिमीटर रुंद, प्रवासासाठी ५२० मिलिमीटरचे. स्टेशनात पोचायचं, रुंद पट्टे सोडायचे, बाहेरची चाकं काढायची, अरुंद पट्टे चढवायचे, गाडी फलाटावरून वॅगनवर न्यायची. मुक्कामी उतरल्यावर हेच उलट क्रमाने. एका पट्ट्यात ९६ कड्या, रुंद पट्ट्याची एकेक कडी तीसेक किलोची. आघाडीची धांदल वाढली की ही अदलाबदल महिन्यातून किती वेळा झाली असेल याचा विचार करा, आणि मग धावफलक वाचा.

ही गाडी जन्मालाच घाईत आली. रशियावरच्या स्वारीत जर्मनांची गाठ सोव्हिएत टी-३४ आणि केव्ही रणगाड्यांशी पडली आणि आपल्या तोफा त्यांना पुरत नाहीत हे उघड झालं. जड रणगाड्याचा विचार आधीपासून चालला होता, आता त्याला जोर आला. स्पर्धक दोन. कासेलची हेन्शेल कंपनी, मूळची रेल्वे इंजिनं बनवणारी, तिचे अभियंते एर्विन आडर्स. आणि हिटलरचे लाडके फर्डिनांड पोर्शे. २० एप्रिल १९४२ ला, हिटलरच्या वाढदिवशी, रास्टेनबुर्गच्या मुख्यालयात दोन्ही नमुने हजर करायचे होते. लढाईला तयार होण्याची तारीख वाढदिवसावरून ठरते, तिथे पुढे काय वाढून ठेवलंय ते कळतंच. पोर्शेंच्या नमुन्यात पेट्रोल इंजिनाने वीज तयार करून मोटरी फिरवायची योजना होती. ती चाचण्यांत टिकली नाही. निवड हेन्शेलची झाली. पोर्शेंचे सुमारे नव्वद सांगाडे मात्र बनवायला घेऊन झाले होते. त्यांच्यावर दुसरी तोफ बसवून त्यांचा रणगाडाभेदी 'फर्डिनांड' केला.

ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस पहिले चार टायगर लेनिनग्राडजवळच्या म्गा इथे उतरले. भाग दलदलीचा, रस्ते अरुंद, पूल कच्चे. हिटलरला निकाल लगेच हवा होता. २९ ऑगस्टला ते निघाले आणि थोड्याच अंतरात बहुतेक गाड्या गिअरबॉक्स-इंजिनाच्या बिघाडांनी थांबल्या. सप्टेंबरमध्ये पुन्हा प्रयत्न, तेव्हा एक दलदलीत रुतला आणि पुढे उडवूनच द्यावा लागला. जानेवारी १९४३ मध्ये त्याच भागात एक टायगर जवळजवळ साबूत सोव्हिएत सैन्याच्या हाती लागला. गुपित म्हणून जे जपलं ते पाच महिन्यांत शत्रूच्या अंगणात उभं. पुढे दोन वर्षं टायगरने पुष्कळ ठिकाणी हाहाकार माजवला, त्यात शंका नाही. पण त्या पहिल्या स्वारीतले सगळे रोग शेवटपर्यंत गेले नाहीत.

आता आतली माणसं. पुढे डावीकडे ड्रायव्हर, उजवीकडे रेडिओ ऑपरेटर, त्याच्याच हाती पुढची मशीनगन. दोघांच्या मधे गिअरबॉक्स. वर टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, तोफेच्या डाव्या बाजूला गनर, त्याच्या पाठीशी उंचावर कमांडर, आणि उजव्या बाजूला लोडर.

ड्रायव्हरचं नशीब त्यातल्या त्यात बरं. त्याच्या हातात चक्क स्टिअरिंग व्हील होतं. इतर रणगाड्यांत दोन दांडे ओढून खांदे निखळायची पाळी यायची. पुढचे आठ गिअर, मागचे चार, आणि गिअर आधी निवडून ठेवायची सोय. चालवायला गाडी हलकी होती. मोडायलाही तितकीच सोपी, आणि हे ड्रायव्हरइतकं कोणाला माहीत नव्हतं. पुढच्या टोकाच्या फायनल ड्राइव्हवर, म्हणजे पट्टे फिरवणाऱ्या शेवटच्या दातेरी चाकांवर, सगळा भार यायचा. चढावर जोर केला, उलट जाताना वळवली, चिखलातून दुसऱ्याला ओढायला गेला की दात गेलेच. म्हणून एका टायगरने दुसऱ्याला ओढू नये असा सक्त हुकूम होता. ओढायला अठरा टनी हाफट्रॅक, म्हणजे पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेल्या गाड्या, वापरायचे, एकाला तीन-तीन जुंपायचे. तेही नसले, मागून गोळे पडत असले, तर हुकूम मोडून मित्राच्या गाडीला पोलादी दोर बांधायचा. तो बहुतेक वेळा बांधला जायचाच.

गनरच्या पायाखाली टरेट फिरवण्याचं पेडल. टरेट इंजिनाच्या ताकदीवर फिरायचं, त्यामुळे किती वेगाने फिरणार ते ड्रायव्हरच्या पायावर. खाली त्याने इंजिन रेज केलं नाही तर वर गनर हतबल. इंजिन बंद असेल तर हाताने चाक फिरवायचं; टरेट पूर्ण एकदा फिरवायला त्या चाकाचे सुमारे ७२० फेरे. या दोन माणसांना एकमेकांचा श्वास ओळखता येणं गरजेचं होतं, हे मी भावूक होऊन लिहीत नाही. हेडफोनमधून आज्ञा यायच्या आत पायाने काम सुरू केलं तर पाचही जण वाचायचे.

लोडरबद्दल कोणी लिहीत नाही. ९२ गोळे गाडीच्या पोटात इथे-तिथे रचलेले. एकेक पंधरा-सोळा किलोचा, जवळजवळ मीटरभर लांबीचा. हलत्या गाडीत तो उपसायचा, वळवायचा, तोफेत सारायचा, तोफ मागे येताना हात बाजूला ठेवायचा. तापलेली रिकामी पुंगळी धूर ओकत खाली पडणार. त्या धुराने डोळे चुरचुरायचे, पोटात ढवळायचं. टरेटच्या मागे उजवीकडे एक गोल झाकण होतं, त्यातून पुंगळ्या बाहेर टाकायच्या, आणि गाडी पेटली तर स्वतःलाही. रेडिओवाल्याला निदान बाहेरचं काही ऐकू यायचं. लोडरला आपण जिंकतोय की हरतोय हे बहुतेक कमांडरच्या आवाजावरूनच कळत असणार.

या पोरांना शिकवायला जर्मन सैन्याने १९४३ मध्ये जी पुस्तिका छापली ती माझ्या मते युद्धकाळातल्या विचित्र दस्तऐवजांत मोडते. 'टिगरफिबेल' असं तिचं नाव, म्हणजे टायगरची बाराखडीच. यमकं जुळवलेल्या ओळी, व्यंगचित्रं, जागोजागी कमी कपड्यातली एक मुलगी, आणि त्यांच्या मधे तेल कधी बदलायचं, इंजिन कसं तापवायचं, अंतर कसं मोजायचं. शत्रूकडे सरळ तोंड करून उभं राहू नका, गाडी थोडी तिरकी लावा, म्हणजे चिलखताची जाडी वाढल्यासारखी होते. तो कोन लक्षात राहावा म्हणून घड्याळातल्या जेवणाच्या वेळा सांगितल्या आहेत. शिकवणारा माणूस हुशार होता, यात वाद नाही. वीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात काय शिरतं ते त्याला पक्कं कळलं होतं.

त्याच पुस्तिकेत एक हिशेबही आहे. एका टायगरला आठ लाख मार्क आणि तीन लाख तास काम लागतं. हजारो लोकांचा आठवड्याचा पगार, हजारो लोकांचा आठवड्याचा घाम, तेव्हा तुला ही गाडी मिळते, तेव्हा जप. आकडे मुद्दाम मोठे करून सांगितलेले दिसतात, कारण तोफ, दुर्बिणी आणि रेडिओ सोडून सरकारी किंमत अडीच लाख मार्कांच्या आसपास होती. पण मला खटकतं ते वेगळंच. घाम गाळणारे म्हणून जे डोळ्यांपुढे उभे केलेत ते आईबाप, शेजारीपाजारी, आपले लोक. कासेलच्या कारखान्यात त्या वेळी सोव्हिएत युनियन, पोलंड, फ्रान्स अशा देशांतून पकडून आणलेले हजारो वेठबिगार राबत होते. बाराखडीत त्यांच्यासाठी अक्षर नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी कासेल जाळलं, सुमारे दहा हजार माणसं एका रात्रीत मेली. आणि उत्पादन तरीही चालू राहिलं, ऑगस्ट १९४४ पर्यंत. एकूण टायगर बनले साडेतेराशेच्या आसपास. त्याच युद्धात अमेरिकेने शर्मन रणगाडे बनवले जवळजवळ पन्नास हजार.

आख्यायिकेकडे यायला हवं, कारण ती टाळली तर वाचक मला सोडणार नाहीत. १३ जून १९४४, नॉर्मंडीतलं व्हिलेर-बोकाज. मिशाएल विटमान नावाचा एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचा, अधिकारी एका ब्रिटिश तुकडीच्या रांगेत घुसला आणि पंधरा-वीस मिनिटांत रणगाडे, तोफा, गाड्या यांची राख केली. धाडस होतं, नशीब होतं, ब्रिटिशांचा गाफीलपणा होता. याची गोष्ट सांगताना लोक दोन गोष्टी गाळतात. एक म्हणजे त्याच्या कंपनीत कागदोपत्री चौदा टायगर असायला हवे होते आणि त्या सकाळी चालू स्थितीत पाच-सहाच होते. बाकीचे पॅरिसच्या बाजूने येताना रस्त्यात बिघडून किंवा विमानांच्या माऱ्यात मागे राहिले. दुसरी म्हणजे गावात एका साध्या सहा पाउंडी (म्हणजे सहा पाउंडांचा गोळा टाकणाऱ्या) तोफेने त्याचीही गाडी बंद पाडली आणि तो आपल्या माणसांसह पायी परतला. दुपारी त्याच गावाच्या गल्ल्यांत आणखी टायगर गमावले गेले. गोबेल्सच्या प्रचारखात्याला यातलं सकाळचंच तेवढं हवं होतं, आणि आश्चर्य असं की ऐंशी वर्षांनी इंटरनेटवरच्या हौशी लोकांनाही सकाळचंच हवं असतं.

आणखी एक गोष्ट सरळच सांगतो. विटमान एसएसच्या ज्या लाइबस्टांडार्टे या फौजेचा माणूस, त्याच फौजेच्या एका दलाने डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियममधल्या मालमेडीजवळ ८४ अमेरिकन युद्धकैद्यांना उभं करून मारलं. तेव्हा विटमान जिवंत नव्हता. पण 'तो फक्त सैनिक होता, राजकारणाशी त्याचं काय' असं कोणी म्हणायला लागलं की माझा संयम संपतो. एसएसमध्ये माणूस वाट चुकून जात नसे. इतर टायगरवाले साध्या लष्कराचे होते हे खरं, आणि त्यांच्या गाड्याही ज्या आघाडीवर उभ्या होत्या तिच्या पाठीमागे काय चाललं होतं हेही आता माहीत आहे.

८ ऑगस्ट १९४४ ला काँ शहराच्या दक्षिणेला उघड्या शेतांतून जाताना विटमानची गाडी उडाली. टरेट उडून बाजूला पडलं. कोणी मारलं यावर ब्रिटिश आणि कॅनेडियन अजून भांडतात. ब्रिटिशांच्या बाजूचा दावेदार जो एकिन्स, शर्मन फायरफ्लायवरचा (जास्त ताकदीची ब्रिटिश तोफ बसवलेला शर्मन) गनर. नॉर्थहॅम्पटनशरमधल्या बुटांच्या कारखान्यातला कामगार. त्या दुपारी त्याने मोजके गोळे टाकून तीन टायगर थांबवले. लगेचच त्याला रेडिओवर बसवण्यात आलं, मग उरलेल्या युद्धात त्याने तोफ डागली नाही, आणि घरी येऊन तो पुन्हा बुटांच्या कामाला लागला. हा माणूस मला विटमानपेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

त्या टायगरमध्ये विटमानबरोबर चौघे होते. कार्ल वाग्नर, गुंथर वेबर, हाइनरिश राइमर्स, रुडॉल्फ हिर्शेल. १९८३ मध्ये त्या शेताच्या कडेला त्यांची हाडं सापडली, आता सगळे ला कांबच्या जर्मन दफनभूमीत आहेत. लोक फुलं वाहायला येतात ते एकाच नावासाठी. मी काही चौघांसाठी फुलं न्या असं सुचवत नाहीये. पण रणगाडा हे यंत्रच असं आहे की त्यात एकट्याने काही करता येत नाही, ना पराक्रम ना पाप, आणि तरी धावफलक एकाच्याच नावे लागतो. तो धावफलकही किती खरा? पूर्व आघाडीवरचे असे दावे जर्मन सैन्याचं गुप्तवार्ता खातंच निम्मे करून धरायचं.

टायगर मेले कसे, हे पाहिलं तर तोफांचा वाटा अपेक्षेपेक्षा बराच लहान निघतो. १९४४ च्या उन्हाळ्यात रोमकडे सरकणाऱ्या दोस्त सैन्याला रस्त्याच्या कडेला टायगर उभे सापडत गेले. तपासणीत कळलं की गोळ्याने मेलेले थोडे. बाकी गिअरबॉक्स गेला, पट्टा तुटला, ओढून न्यायला कोणी नाही, म्हणून त्यांच्याच माणसांनी सुरुंग लावून सोडलेले. (त्याच इटलीत, त्याच उन्हाळ्यात, माणगावकडच्या नाईक यशवंत घाडगेंनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला आणि जीव गमावला. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या त्या जवानांचा सामना होता मशीनगनांशी, टायगरशी नव्हे.) आपल्याच गाडीत स्फोटकं ठेवताना त्या पाच जणांना काय वाटलं असेल? कित्येक महिने जिची चाकं काढली-घातली, जिच्यात झोपले, तिला बत्ती देऊन पायी चालायला लागायचं. मला वाटतं, पुष्कळांना सुटल्यासारखं वाटलं असेल.

नॉर्मंडीतल्या व्हिमुतिए गावाबाहेर असाच एक अजून आहे. ऑगस्ट १९४४ च्या माघारीत चढावर इंधन संपलं, माणसांनी स्फोट करून तो निकामी केला, नंतर रस्ता मोकळा करायला ढकलून कडेला सारला. पुढे भंगारवाल्याच्या ताब्यात गेला, थोडा कापलाही गेला. १९७५ मध्ये गावाने तो सोडवून घेतला. मग रंगवून रस्त्याच्या बाजूला उभा केला. जगात असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. आपल्या अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे आहेत, टायगर नाही. चालता असा जगात एकच, इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनचा १३१ क्रमांकाचा, एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला. चर्चिल रणगाड्याच्या गोळ्याने त्याचं टरेट अडकलं आणि आतले पाच जण उतरून पळाले. ते दृश्य पोस्टरवर कधी येत नाही. माझ्या मते टायगरच्या इतिहासातला तो सर्वांत शहाणा निर्णय होता.

टायगरवर लढून वाचलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध ओटो कारिउस. रशियात, नार्वाला, लॅटव्हियात लढले, साध्या लष्करातले, दीडशेच्या आसपास रणगाडे नावावर. युद्धानंतर औषधशास्त्र शिकले आणि पश्चिम जर्मनीत हेर्शवायलर-पेटर्सहाइम या लहानशा गावात दुकान टाकलं. दुकानाचं नाव ठेवलं 'टिगर अपोथेके', टायगर औषधालय. कित्येक वर्षं तिथे माणसं खोकल्याचं औषध आणि पोरांच्या तापाच्या गोळ्या घेऊन गेली असतील. २०१५ मध्ये कारिउस वारले. त्या पाटीचं काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गाडी टिकवायला, माणसं जिवंत ठेवायला ज्याने तारुण्य घालवलं त्याला त्या नावाचा लळा लागावा हे कळतं. पण ती गाडी कोणासाठी धावत होती हे त्यांना शेवटपर्यंत पुरेसं बोचलं नाही, असंच माझं मत आहे, आणि त्या गावात कधी गेलोच तर दुकानासमोर उभं राहून फोटो काढायचा मोह मला होईल हेही मला माहीत आहे.